अर्जावरचे दोन चौकोन

इंटरनेटच्या अर्जावर दोन चौकोन होते. एक घरगुती, एक व्यावसायिक. मी घरगुतीवर खूण केली आणि सही ठोकली. फोन माझ्या नावावर होता, कारण दादाला सुट्टी नव्हती आणि रांगेत उभं राहायची सवय घरात मला एकटीलाच. वहिनीला विचारलंही नाही. विचारण्यासारखं काय होतं त्यात? धायरीतल्या तीन खोल्या, त्यात आई, दादा, वहिनी, त्यांची दीड वर्षांची मुलगी आणि मी. याला घर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पण त्याच घराच्या मधल्या खोलीत, कपाट आणि पाळणा यांच्यामधल्या जागेत वहिनीचं टेबल होतं. टेबलावर कॉम्प्युटर आणि खाली शिलाई मशीनला असतं तसं एक पेडल. कानाला हेडफोन लावून, पायानं पेडल दाबून आवाज पुढे-मागे करत ती अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकायची आणि टाइप करायची. कुणाचा गुडघा, कुणाच्या पित्ताशयातले खडे, कुणाची सहा महिने न थांबलेली खोकल्याची उबळ. तिकडचा दिवस मावळला की आमच्याकडे उजाडायचं आणि तिच्या फाइली यायच्या. संध्याकाळी सहाच्या आत त्या टाइप होऊन परत गेल्या पाहिजेत, हा कंपनीचा नियम. सहा म्हणजे सहा.

वहिनी यवतमाळची. बी.एस्सी. झालेली. लग्न होऊन पुण्यात आली ती दादाच्या हडपसरच्या कारखान्याच्या भरवशावर. सुरुवातीला हे काम ती कर्वे रस्त्याजवळच्या ऑफिसात बसून करायची. मुलगी झाल्यावर कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिली, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. लाइन तुमची, जबाबदारी तुमची. तीन महिने फाइली वेळेवर आल्या तर कायमचं घरून, नाही तर ऑफिसात परत या किंवा राजीनामा द्या. ऑफिसात परत जाणं शक्य नव्हतं. आईच्या गुडघ्यांना दुडदुडत्या पोरीमागे धावणं झेपणारं नव्हतं, दादा पाळीवर आणि मी कायम मोर्चात. म्हणजे काम टिकायचं ते फक्त तारेच्या जिवावर.

आणि तार कशी मिळायची तेव्हा? वर्तमानपत्रात रोज छापून यायचं, पुणे आयटीचं शहर झालं. झालं असेल. आमच्याकडे आधी मोडेम आला. फोनच्याच तारेवर चालायचा, किरकिरत जोडला जायचा, आणि तो जोडलेला असेपर्यंत घरचा फोन बंद. मावशी तासभर फोन लावून थकायची आणि नंतर आईला म्हणायची, ‘‘तुम्ही हल्ली फार बोलता हो फोनवर.’’ एक फाइल उतरायला इतका वेळ लागायचा, की वहिनी तेवढ्यात कणीक मळून घ्यायची. मधेच जोडणी तुटली की फाइल पहिल्यापासून.

मग आमच्या भागातला केबलवाला आला. टीव्हीच्या केबलबरोबर आता इंटरनेटपण. गच्चीवरून गच्चीवर, पाण्याच्या टाकीला वेढा घालून, शेजारच्या शेवग्याला बांधून त्यानं निळी तार आमच्या खिडकीतून आत घेतली.

‘‘एक नंबर लाइन हाय ताई. डोळं झाकून घ्या.’’

‘‘बंद पडली तर?’’

‘‘पडत न्हाई. पडली तर मी हायेच की.’’

सकाळी लाइन खरंच एक नंबर असायची. दुपारी कॉलेजची पोरं घरी आली की सगळ्या गल्लीचे सिनेमे त्या एका तारेतून उतरायला लागायचे आणि वहिनीची फाइल गोगलगायीसारखी सरकायची. गुरुवारी तर विचारूच नका. गुरुवारी वीज बंद, म्हणजे ज्या गच्चीवर त्याचा तारा जोडायचा डबा ती गच्ची बंद, म्हणजे अर्धी धायरी बंद. पहिल्या महिन्यात दोन फाइली उशिरा गेल्या. दोन्ही गुरुवारच्या. अमेरिकेत गुरुवार वेगळा असतो का, असं कंपनीच्या बाईंनी तिला फोनवर विचारलं. या दोन सोडून देते, यापुढे एकही चालणार नाही, म्हणाल्या.

शेवटी फोन कंपनीचं ब्रॉडबँड. नाव घेत नाही, कारण पुढं तिथल्या साहेबांबद्दल लिहायचंय आणि सगळ्या कंपन्यांची तऱ्हा मला तरी सारखीच दिसली. खिडकीवरच्या कारकुनानं पत्ता वाचला आणि अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

‘‘एक्स्चेंजपासून लांब पडतं. सिग्नल पोचत नाही.’’

‘‘मग काय करायचं?’’

‘‘जवळ राहायला या.’’

घरी आले तर फाटकासमोर रस्ता खणलेला. मला वाटलं ड्रेनेज. विचारलं तर खणणारा माणूस म्हणाला, फायबर टाकतोय, पुढच्या त्या काचेच्या बिल्डिंगला. लीज लाइन. म्हणजे त्या कंपनीसाठी वेगळी राखून ठेवलेली तार, दुसऱ्या कुणाचा त्यात वाटा नाही, बंद पडली तर चार तासांत इंजिनिअर हजर. आमच्या फाटकाखालून ती गेली. एक्स्चेंजपासून अंतर तिलाही तेवढंच होतं, थोडं जास्तच. तारेला अंतर नडत नव्हतं, गिऱ्हाईक नडत होतं. मी त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहिले आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. एकाच रस्त्यातून दोन देश जात होते, हे वाक्य मला तिथंच सुचलं. पुढं ते पत्रकात गेलं.

चार अर्ज आणि तीन फेऱ्यांनंतर जोडणी मिळाली. कशी मिळाली, अंतर कसं कमी झालं, ते कुणी सांगितलं नाही. त्याच वेळी ते दोन चौकोन माझ्यासमोर आले. व्यावसायिकवर खूण करायची तर दुकानाचा परवाना, आस्थापनेचं नाव, शिक्का हवा. वहिनीकडे यातलं काय होतं? एक पेडल.

एवढं करून लाइन रडायचीच. मोडेमवरचा हिरवा दिवा दुपारी दोनला लुकलुकायला लागायचा आणि तीनला विझायचा. तक्रार नोंदवायची, नंबर घ्यायचा, दुसऱ्या दिवशी विचारलं की उत्तर तयार: ‘‘तुमच्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे.’’ कुणी आलं नव्हतं, कुणी शिडी लावली नव्हती. व्यावसायिकवाल्यांकडे त्याच दिवशी माणूस जायचा. घरगुतीवाल्यांची पाळी येईल तेव्हा. घरात बसलेल्या माणसाला घाई कसली, असं गृहीतच धरलेलं.

आमची ग्राहकांची एक संघटना होती. दर रविवारी मंडईजवळच्या शाळेच्या एका वर्गात, मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून आम्ही बसायचो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आमचे प्रमुख. पत्रक लिहायला मी त्यांच्याकडे शिकले. त्यांचा नियम होता: प्रत्येक पत्रकात एक जिवंत माणूस पाहिजे आणि एक पुरावा पाहिजे. माणूस नसेल तर कुणी वाचत नाही, पुरावा नसेल तर कुणी घाबरत नाही. वीज, पाणी, गॅस सिलिंडर, सगळी पत्रकं मी याच रीतीनं लिहिली होती आणि ती लागू पडली होती.

म्हणून या वेळीही तसंच लिहिलं. जिवंत माणूस शोधायला लांब जायची गरज नव्हती.

‘धायरीतील एक गृहिणी घरी बसून अमेरिकेतील डॉक्टरांचे अहवाल टाइप करते. तिचा व्यवसाय या जोडणीवर अवलंबून आहे. तिची तक्रार अमुक क्रमांकाची. निवारण झाले असे कंपनी म्हणते. आम्ही म्हणतो, कंपनी खोटे बोलते.’ आणि वर मथळ्यात दोन देश.

छपाई मोमिनपुऱ्यातल्या चाचांकडे. तिथं त्यांच्या तीन पिढ्या गेल्या. आजोबा छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे, आता चाचा घरातच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवतात. इंटरनेटवर त्यांचाही राग होता. त्यांना डिझाइन बाहेर पाठवायचं असायचं, आणि घरगुती जोडणीतून उतरवायला वेग मिळतो, पाठवायला मिळत नाही. घरातली माणसं नुसती घेणार, ती काय पाठवणार, असा हिशोब कंपन्यांनी केलेला. चाचांनी मजकूर जुळवला आणि चष्मा कपाळावर चढवला.

‘‘हा नंबर कशाला टाकताय?’’

‘‘पुरावा आहे तो.’’

‘‘लोकांना नंबर वाचून काय करायचंय?’’

‘‘लोकांसाठी नाही, कंपनीसाठी आहे.’’

‘‘मग राहू द्या,’’ ते म्हणाले आणि छापायला घेतलं.

मंडईत वाटली, हडपसरच्या स्टँडवर वाटली, धायरी फाट्यावर तर मी स्वतः उभी राहिले. खाली आमच्या कॉलनीतल्या सगळ्यांच्या सह्यांची एकत्र तक्रार जोडली होती, तीच फोन कंपनीतही दिली. कॉलनीबाहेरची म्हणून चाचांचीही सही होती. वहिनीला एक प्रत दिली तेव्हा ती पोरीला भरवत होती. तिनं वाचलं, परत वाचलं.

‘‘हे मी आहे का?’’

‘‘नाव नाहीये.’’

‘‘नाव नसून मीच आहे ना. व्यवसाय काहून लिहिलं? माझा काय व्यवसाय आहे? मी नोकरी करून राहिली.’’

‘‘अगं, व्यवसाय म्हटल्यावर जोर येतो.’’

‘‘जोर येते,’’ ती म्हणाली. ‘‘येऊ दे बाप्पा जोर. पुढारीणबाई सांगतील तसं.’’

जोर आला. आठव्या दिवशी सकाळी मोडेमचा दिवा विझलेला. नेहमीसारखा दुपारी नाही, सकाळी सातलाच. आणि दारात पत्र. ‘आपल्या घरगुती जोडणीचा व्यावसायिक वापर होत असल्याचे निदर्शनास आल्याने सेवा खंडित करण्यात येत आहे.’ निदर्शनास कसं आलं, तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. सोबत आमचं पत्रक जोडलेलं, तक्रार क्रमांकाखाली लाल रेघ.

तिसरा महिना चालू होता. पाच दिवस उरले होते.

वहिनी ओरडली नाही. तिनं पत्र वाचून टेबलावर ठेवलं, पेडल पायानं आत सरकवलं आणि म्हणाली, ‘‘सायबर कॅफेत नाही जाता येत. पेशंटचे कागद आहेत, कंपनीचा नियम आहे.’’ मी म्हटलं, मी केबलवाल्याकडे जाते. गेले. पत्रकात एका ओळीत मी त्यालाही लुटारू म्हटलं होतं. एकच तार साऱ्या गल्लीला विकतो म्हणून. तो पत्रक वाचूनच बसलेला.

‘‘लुटारूकडं कशापायी आलाव ताई?’’

मी माफी मागितली. मला माफी मागता येत नाही, ती मागितली. त्यानं मान हलवली, तार जोडून दिली, पण म्हणाला, ‘‘आजचं भागंल. उद्या गुरवार हाय.’’

गुरुवारी सकाळी दहाला मी फोन कंपनीच्या साहेबांसमोर उभी. आदल्या दिवशीच्या फाइली केबलवर कशाबशा गेल्या होत्या. आजच्या फाइली फोनवरचा जुना मोडेम लावून उतरवायला वहिनी पहाटेच बसली होती, एक अर्धी उतरून तुटली होती. साहेब शांत माणूस होते. समोरच्या फाइलमध्ये आमचं पत्रक होतं.

‘‘बसा. आपणच लिहिता का हे? भाषा छान आहे.’’

‘‘सेवा कधी सुरू होणार?’’

‘‘व्यावसायिक जोडणीचा अर्ज करा. परवाना जोडा. पंधरा दिवसांत होईल.’’

‘‘परवाना कसला? ती नोकरी करते. घरी बसून.’’

‘‘नोकरी ऑफिसात करतात. घरी करतात त्याला आमच्याकडे व्यवसाय म्हणतात.’’

‘‘मग व्यवसाय म्हणून द्या.’’

‘‘परवाना?’’

मी तिथं पाऊण तास भांडले. कायदा काढला, काकांचं नाव काढलं, वर्तमानपत्राची धमकी दिली. ते ऐकत राहिले. मधे त्यांनी दोघांसाठी चहा मागवला. मग म्हणाले, ‘‘हे पहा, मला सकाळपासून वरून दोन फोन आले या कागदावरून. मला तुमच्या वहिनींशी काही देणंघेणं नाही. जोडणी आपल्या नावावर आहे. आपण दोन ओळी लिहून द्या, की या जोडणीचा व्यावसायिक वापर होत नाही आणि पत्रकातली माहिती वस्तुस्थितीला धरून नाही. लाइन बारापर्यंत चालू.’’

‘‘हे खोटं आहे.’’

‘‘मग नका लिहू.’’

भिंतीवर घड्याळ होतं. मी ते पाहिलं नाही असं म्हणणार नाही. घरी वहिनी अर्ध्या फाइलीसमोर बसली होती. काकांना विचारायला हवं होतं. सह्या दिलेल्या लोकांना विचारायला हवं होतं. वहिनीला तर विचारायलाच हवं होतं, साहेबांच्या टेबलावर फोन होता; मोडेममुळे घरचा कदाचित लागला नसता, पण मी लावूनही पाहिला नाही. मी कागद ओढला आणि लिहिलं. सात-आठ पत्रकं लिहिली असतील मी तोवर, एवढ्या झरझर एकही लिहिलं नव्हतं. साहेबांनी वाचलं, ‘वस्तुस्थिती’ या शब्दावर बोट ठेवून ‘‘अक्षरही छान आहे,’’ म्हणाले आणि फोन उचलला.

बसनं घरी पोचेपर्यंत दिवा हिरवा झाला होता. आमच्या बाजूची वीज त्या गुरुवारी गेली नाही, तेवढं एक नशीब. वहिनीच्या कानाला हेडफोन होते. मला पाहून तिनं एक हात वर केला, थांब म्हणून, आणि पेडल दाबत राहिली. आई पोरीला घेऊन बाहेरच्या खोलीत बसली होती. मी स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवले. साडेपाचला शेवटची फाइल गेली.

हेडफोन काढून ती माझ्याकडे वळली. ‘‘काय द्यावं लागलं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘फुकट कोणी लाइन नाही जोडत. काय द्यावं लागलं?’’

मी सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

‘‘म्हणजे सगळ्यांच्या सह्या घेतल्या, अन् खाली लिहून दिलं की हे खोटं आहे.’’

‘‘तुझं काम गेलं असतं.’’

‘‘गेलं असतं. माझं होतं ना ते? मी रडली असती, नाही तर नसती रडली.’’ तिनं पोरीला आईकडून घेतलं. ‘‘छापलं तेव्हा नाही विचारलं मले. मिटवलं तेव्हाबी नाही विचारलं. बाकी लोकांसाठी तं तू फार भांडतं.’’

मी घरभर फिरत राहिले. भांडी लावली, परत काढली, परत लावली. आई म्हणाली, एका जागी बस ना जरा.

तीन महिने पूर्ण झाले. कंपनीनं वहिनीला कायमचं घरून काम दिलं. पेढे दादानं आणले. त्याच आठवड्यात सह्या दिलेल्या प्रत्येकाच्या घरी फोन कंपनीचं पत्र गेलं: आपल्या संघटनेच्या प्रतिनिधीने तक्रारीतील माहिती चुकीची असल्याचे लेखी मान्य केले असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. प्रतिनिधी म्हणजे मी. रविवारी शाळेच्या वर्गात काकांनी ते पत्र फळ्याजवळ उभं राहून वाचलं आणि घडी घातली. रागावले नाहीत. पुढचं पत्रक लिहायला त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं. चाचा भेटले तेव्हा म्हणाले, ‘‘मीपण घरगुतीच लिहिलंय. आता माझ्याकडे बघायला येतील का हो?’’ तो प्रश्न त्यांना खरंच पडला होता.

‘‘घरोघर जाऊन सांग,’’ वहिनी म्हणाली. ‘‘कागद नको घेऊन जाऊ. तोंडानं सांग.’’

कागदाशिवाय दारात उभं राहायची मला सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळेना. पहिल्या घरी ‘असू द्या हो’ म्हणून दार लागलं. दुसऱ्या घरातले गृहस्थ म्हणाले, ‘‘आपण मोठ्या लोकांत उठबस करता, आपल्याला काय सांगणार आम्ही?’’ आणि मला पाणी देऊन वाटेला लावलं. एका घरात सही केल्याचंच कुणाला आठवत नव्हतं.

पलीकडच्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहायच्या. सही घेताना त्यांनी फार विचार केला होता, तेवढं लक्षात होतं. मी दारातच सगळं बोलून टाकलं: ते पत्र माझं, पत्रकातली माहिती खरी होती, मी खोटं लिहून दिलं, तुमची तक्रार माझ्यामुळे बुडाली. त्यांनी माझ्या खांद्यावरून जिन्यात पाहिलं, खाली, मग वर. मला आत घेतलं आणि दाराला कडी घातली. आतल्या खोलीत पलंगाशेजारी दोन कॉम्प्युटर चालू होते. दोन मुली हेडफोन लावून, मान खाली घालून टाइप करत होत्या. खाली पेडल नव्हतं, पण बाकी सगळं तसंच.

‘‘बसा,’’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘‘तुमच्या वहिनींची लाइन त्यांनी परत दिली ना? मग उद्या आमची तोडली तर लिहून काय द्यायचं असतं, तेवढं मला सांगून ठेवा.’’